‘द इनर लाइट’ची मुंबईतली बाजू

तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो तेव्हापासून मी इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी जमवत आलो. संगीताचे शिक्षण नाही. जे शिकलो ते रात्रपाळीनंतर बोईसरच्या खोलीत ऐकून. एखाद्या गाण्याचे वेगळे ध्वनिमुद्रण मिळाले की ते चांगले आहे का, असे मी तेव्हा विचारतही नसे. दुसऱ्या कुणाकडे नाही, एवढे पुरे असे. आता निकष एकच उरला आहे. पर्यायी ध्वनिमुद्रण ऐकून मूळ गाणे वेगळे ऐकू येऊ लागले, तरच ते जपावे. या कसोटीला उतरणारे एक ध्वनिमुद्रण आपल्या मुंबईत झाले आहे.

बीटल्सचे ‘द इनर लाइट’ मार्च १९६८मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. जॉर्ज हॅरिसनने ते ‘ताओ ते चिंग’च्या ४७व्या अध्यायावरून रचले. बीटल्स एकत्र होते तोवर ते त्यांच्या एकाही एलपीवर आले नाही. आणि यातल्या एकाही वाद्याला बीटल्सपैकी कुणाचा हात लागलेला नाही. ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८मध्ये मुंबईत आला होता. फोर्टमधल्या एचएमव्ही स्टुडिओतल्या त्याच सत्रांत या गाण्याचा वाद्यमेळ मुद्रित झाला. गायन फेब्रुवारीत लंडनला त्यावर चढवले गेले.

२०१४मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत या वाद्यमेळाचे एक न वापरलेले मुद्रण प्रसिद्ध झाले. सुरुवातीला हॅरिसनचे वादकांशी बोलणे ऐकू येते, मग वादन. गाणे नाहीच.

मूळ तबकडीवर आपले लक्ष आवाजामागे जाते. कडव्यांच्या मधल्या द्रुत जागा भरणीच्या वाटतात. आवाज काढून घेतला की नाते उलटते. सरोद-शहनाईच्या द्रुत जागा ही रचनेची चाल ठरते आणि कडवी हा विसावा. त्या विसाव्यात वादक आवरून वाजवतात, कारण तिथे अजून न आलेल्या गायकाची जागा राखायची आहे. हा संयम मूळ गाण्यात होताच. मला तो ऐकू येत नव्हता. या गाण्याला ‘भारतीय रंग दिलेले पॉप’ म्हणण्याची रीत आहे. पण रंग भिंतीवर देतात. इथे भिंतच मुंबईत बांधली गेली.

अर्थात सगळे श्रेय इकडे ओढणेही खोटे ठरेल. हा रागविस्तार नव्हे. रचना हॅरिसनची आणि घाट तीन मिनिटांच्या पॉप गाण्याचा. पण श्रेयाच्या पाटीचा प्रश्न उरतोच. ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, एस. आर. केंकरे, विनायक व्होरा अशी वादकांची नावे आहेत. त्याच सत्रांतून निघालेल्या सिंगलच्या लेबलवर फक्त ‘द बीटल्स’. चित्रपटसंगीताच्या वादकांचे ऋण तरी नोंदले गेले. गाण्यावर नाव लागले ते लंडनच्या आवाजांचे.

हॅरिसनने पुढे या सत्रांविषयी सांगितले आहे. मुंबईत मोनो यंत्रच होते, म्हणून भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचे यंत्र आणले. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज आत येत असे. काही मुद्रणांत टॅक्स्या ऐकू येतात. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. माझे वडील त्या काळी फोर्टातच कारकून होते. साडेपाचला सुटून, विरारला गाडी बदलून पालघरला पोचत. ते त्याच जिन्यावरून उतरत होते असे मी म्हणणार नाही. त्यांची कचेरी दुसरी होती. पण ज्या पावलांसाठी बीटल्सच्या माणसाला हात आवरून बसावे लागले, ती त्यांच्यासारख्यांचीच होती.

पन्नास वर्षे मी ज्याला परदेशी समजून ऐकत होतो त्या गाण्याचा पत्ता मला या मुद्रणाने दिला. ‘द इनर लाइट’ कुणाला ऐकवाल, तर आधी हे बिनआवाजी मुद्रण ऐकवा. गाणे त्यानंतर.