पुनरावृत्ती आणि लयीची मोकळीक : शोपँच्या ‘बर्सूझ’चे वादन

पियानोच्या रचनेत तोच आकृतिबंध वारंवार येत असेल, तर वादकाने लय थोडी ताणावी, थोडी सैल सोडावी, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला अपुरा आहे. लय कोठे हलवायची नाही, हे आधी ठरवावे लागते. फ्रेडरिक शोपँची ‘बर्सूझ’ (ओपस ५७, १८४४) ही अंगाईच्या घाटाची रचना त्याचे चांगले उदाहरण आहे.

पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या मात्रांच्या गटाला ‘बार’ म्हणतात. या रचनेत ७० बार आहेत. डाव्या हाताची एका बारची आकृती जवळजवळ अखेरपर्यंत तीच राहते. तिसऱ्या बारपासून उजवा हात चार बारांची धून सुरू करतो आणि पुढे तिलाच नवनवे अलंकार चढवतो. एकल तबलावादनात लेहरा जे काम करतो, तेच येथे डावा हात करतो.

शोपँचा शिष्य कारोल मिकुली याने आपल्या गुरूच्या वादनाविषयी लिहून ठेवले आहे, की साथ करणारा हात लय सोडत नसे. गाणारा हात मात्र कधी रेंगाळे, कधी पुढे सरके. म्हणजे ही मोकळीक दोन हातांमधल्या अंतरात आहे.

अनेक वादक दर चार बारांच्या शेवटी दोन्ही हात एकदम मंद करतात. पहिल्यांदा ते भावपूर्ण वाटते. चौथ्यांदा ती सवय होते आणि कंटाळा घालवण्यासाठी आणलेली मंदगती स्वतःच पुनरावृत्ती बनते. शिवाय दर वेळी पाळणा थांबतो.

याची किंमत ५५व्या बारमध्ये कळते. डी-फ्लॅट हा षड्ज मानला, तर तेथे येणारा सी-फ्लॅट हा कोमल निषाद होय. इतका वेळ स्थिर राहिलेला सुसंवाद येथे प्रथमच ठळकपणे दुसरीकडे झुकतो. येथे घेतलेला क्षणभराचा विलंब श्रोत्याला स्पर्शून जातो. पण वादकाने आधीच दहा वेळा विलंब केला असेल, तर हा अकरावा कोणाच्या लक्षातही येत नाही.

डावा हात घड्याळासारखा यांत्रिक असावा, असा याचा अर्थ नव्हे. झोक्यालाही टोकाशी किंचित विसावा असतो. मात्र झोका चुकत नाही. विद्यार्थ्यांनी ही रचना ऐकताना डाव्या हाताबरोबर बोटाने मात्रा धरावी. बोट किती वेळा अडखळते आणि ५५व्या बारला काय घडते, यावरून वादनाचा कस ठरवता येईल.