मोक्षपट टांगावा कीं मांडावा?

वस्तुसंग्रहालयांत येणाऱ्या प्रेक्षकांस, विशेषतः मुलांस, खेळांच्या योगें गुंतवावें या विचारास अलीकडे बराच जोर आला आहे. विचार आम्हांस मान्य आहे. तो ज्या रीतीनें अंमलांत येतो ती मात्र बहुधा मान्य नाहीं.

एका संग्रहालयांत (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) आम्हीं नुकताच एक कागदी मोक्षपट पाहिला. चौकटींत बसवून तो इतक्या उंच टांगला होता कीं मान कितीहि वर केली तरी वरच्या ओळीचीं अक्षरें लागेनात. खालीं चिठ्ठी, 'सापशिडी, 19 वें शतक', एवढीच. चार पावलांवर संगणकाचा पडदा होता, व त्यावर तटावरून उड्या मारीत मोहरा गोळा करणारा एक मावळा. तीन मुलें त्या पडद्याभोंवतीं अर्धा तास होतीं. त्यांपैकीं एकानेंहि वळून पट पाहिला नाहीं. तसला खेळ घरच्या दूरध्वनीवरहि खेळतां येतो. ज्या वस्तूचा मूळ धर्मच खेळ ती भिंतीस अडकवावयाची आणि खेळ म्हणून भलतेंच कांहीं हातीं द्यावयाचें, हा व्यवहार आम्हांस उफराटा वाटतो.

मोक्षपट हा एक ग्रंथच आहे. मात्र तो क्रमानें वाचावयाचा नसून कवड्या नेतील त्या घरीं जाऊन वाचावयाचा असतो. वैष्णवांच्या पटांत बहुधा 72 घरें असतात, जैनांच्या पटांत 84. घराघरांवर विकारांचीं, सद्गुणांचीं व लोकांचीं नांवें. 72 घरांच्या पटांत वैकुंठ शेवटच्या घरीं नसून वरच्या ओळीच्या मध्यावर, 68 व्या घरीं, असतें. सर्वांत पुढें गेला तो मुक्त झाला असें नव्हे, हा केवढा विचार! टांगलेलें चित्र पाहून तो कोणास सुचणार? तोच सोंगटी वैकुंठ ओलांडून गेली म्हणजे दहा वर्षांच्या पोरासहि समजतो. (हा पट ज्ञानेश्वरांनीं रचला असें सांगतात, त्यास समकालीन पुरावा नाहीं, तेव्हां चिठ्ठीवर तें सिद्ध म्हणून छापूं नये.) पश्चिम भारतांतील या पटांवर याकोब श्मिट-मॅडसन यांनीं 2019 सालीं कोपनहेगन येथें प्रबंध लिहिला. आमचे पट आम्हीं मात्र रुमालांत बांधून ठेवलेले!

वस्तु, लेख व खेळ एकत्र आले म्हणजे काय घडतें तें ब्रिटिश म्यूझियममधील ऊरच्या पटावरून दिसतें. सर लिओनार्ड वूली यांच्या 1922 ते 1934 च्या उत्खननांत सांपडलेला हा वीस घरांचा पट इ. स. पूर्व 2600 च्या सुमाराचा. तो खेळत कसे, हें कोणास ठाऊक नव्हतें. त्याच संग्रहांत शतकभर पडून असलेली इ. स. पूर्व 177-176 ची एक बाबिलोनी मृत्तिका-पट्टिका आयर्विंग फिंकेल यांनीं 1980 नंतर उलगडली, आणि त्याच खेळाचे नियम तींत निघाले. आज लोक प्रतिकृति घेऊन तो डाव खेळतात. तथापि पट व पट्टिका यांत सुमारें 2400 वर्षांचें अंतर आहे. तेव्हां खेळविणारानें 'हे नियम उत्तरकालीन लेखावरून' असें सांगितलेंच पाहिजे. पोथी छापतांना आपण पाठभेद देतों. मग खेळासच ही सूट कां?

आपल्याकडे उलट प्रकारहि आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त (10.34) अक्षरशः टिकलें, परंतु वर्गांत त्याचा विषय निघून एखाद्यानें 'हा डाव खेळत कसा?' असें विचारलें, तर निश्चित उत्तर आम्हांस कधींच देतां आलें नाहीं. दशावतारी गंजिफेवर ती पाळी येऊं नये. तिचीं 120 पानें सावंतवाडीस आजहि रंगविलीं जातात. डाव दिवसा मांडला तर पहिली उतारी रामाच्या राजाची, रात्रीं मांडला तर कृष्णाच्या. पानें कांचेआड राहतील, पण ही उतारी मांडणाराबरोबर जाईल. संग्रहालयें दिवसाच उघडीं असतात. तेव्हां प्रेक्षकांस निदान रामाची उतारी तरी शिकवावी.

जुनी वस्तु हाताळल्यानें झिजते हा आक्षेप खरा आहे. परंतु मूळ वस्तु मांडा असें आम्ही म्हणतच नाहीं. नक्कल पुरते. खेळानें गांभीर्य जातें, या दुसऱ्या आक्षेपावर आम्ही स्वतःचीच फजिती सांगतों. आमच्या संग्रहांत एक पट वीस वर्षें आहे. त्याची जाड कापडावर हुबेहूब नक्कल करवून आम्हीं ती नातवंडांपुढें मांडली. दुसऱ्याच डावांत, सोंगटी मोजतां मोजतां, धाकट्या नातीनें दाखविलें कीं 31 हा आंकडा दोन घरांवर पडला आहे, आणि तेथून पुढचे सारे आंकडे एकेकानें चुकले आहेत. लेखकाचा हा प्रमाद आम्हीं पट वर्णन करतांना पाहिला नव्हता. शेवटचें घर 71 असें खुशाल टिपून ठेवलें होतें.

ज्यांच्या संग्रहीं असे पट असतील त्यांनीं नुसतें छायाचित्र न पाठवितां प्रत्येक घराचा आंकडा व नांव, आणि प्रत्येक सापाचें मुख व शेपूट कोणत्या घरीं आहे तें, अनुक्रमानें उतरून या त्रैमासिकाकडे धाडावें. उतरण्यापूर्वीं निदान एक डाव मांडून पाहावा.