‘शिवभारता’तील यादवी आणि लूकन

कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’ची तुलना व्हर्जिलच्या ‘ईनीड’शी करण्याचा मोह सहज होतो. दोन्ही काव्ये राजाश्रयातील आहेत. परंतु व्हर्जिलचा नायक पुराणकालीन, तर परमानंदाचा समकालीन. लॅटिन महाकाव्यांपैकी ‘शिवभारता’च्या प्रारंभीच्या अध्यायांस अधिक जवळचे ठरते ते सीझर व पॉम्पे यांच्या यादवीवरील लूकनचे दहा सर्गांचे काव्य. तेही ‘शिवभारता’प्रमाणेच अपूर्ण राहिले आहे.

सीझर हा पॉम्पेचा सासरा. या नात्याचा वारंवार उच्चार करून लूकन युद्धाचे अधर्म्य रूप दाखवितो. खंडागळ्यांच्या हत्तीवरून उसळलेल्या झुंजीत बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडचे लखुजी जाधव व त्यांचे जावई शहाजी असेच समोरासमोर येतात. दत्ताजी जाधव आणि संभाजी भोसले धारातीर्थी पडतात.

साम्य येथेच संपते. सीझरकन्या ज्यूलिया इ. स. पू. ५४ मध्ये निवर्तली आणि दोन घरांतील दुवा तुटला. लूकनच्या काव्यात ती केवळ छायारूपाने पतीच्या स्वप्नात येते. जिजाबाई मात्र हयात आहेत, आणि त्यांच्याच पोटी नायक जन्म घेतो. म्हणून तेथील कलह प्रजासत्ताकाच्या नाशाकडे जातो, तर येथील कलह राज्यस्थापनेची पूर्वपीठिका होतो. हा भेद ध्यानी न घेता केलेली तुलना केवळ नामसाधर्म्यावर थांबेल.