सेवा कोणाची, मोबदला कोणाला?

‘परिसंस्थेच्या सेवांचा मोबदला’ हा शब्दप्रयोग आता पर्यावरणाच्या परिसंवादांतून चांगलाच रुळला आहे. रान पाणी धरते, माती थोपवते, हवेतला कार्बन साठवते. म्हणून रानाच्या मालकाने ते तोडू नये यासाठी त्याला पैसे द्यावेत, असा हा विचार. एक-दोन हेक्टरांच्या छोट्या मालकाला चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे, असे कोणीही विचारील. माझा आक्षेप पैसे देण्याला नाही. ‘सेवा’ या शब्दाला आहे, आणि त्याच्या आडोशाने उभ्या राहणाऱ्या व्यवहाराला आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची ‘सेवा’ केली, त्यांनी तरी हा शब्द पारखून घ्यावा.

महार वतन आठवावे. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुते एवढ्यावर येसकर-तराळाने रात्रंदिवस राबायचे. कामाचे तास ठरलेले नाहीत, काम कोणते तेही ठरलेले नाही. ठरलेले एकच, की नकार देता येणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते नेमके याच करारावर बोट ठेवून. तेव्हा मोबदल्याची कोणतीही योजना समोर आली की मी विचारतो: कामाची व्याख्या कोण करतो, पैसा कोणाच्या हाती पडतो, आणि करारातून बाहेर पडण्याची वाट आहे काय?

या योजनांचा आदर्श म्हणून मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाकडे बोट दाखवतात. तेथे १९९६च्या वनकायद्याने कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य अशा चार सेवा मान्य केल्या, आणि १९९७पासून इंधनावरील कराच्या उत्पन्नातून वनमालकांना पैसे मिळू लागले. (त्याच कायद्याने जंगल मोडून शेती करण्यासही बंदी घातली, हे आपल्याकडील प्रशंसक सहसा सांगत नाहीत.) आरंभी जमिनीच्या मालकीचा नोंदणीकृत दस्तऐवज हवा होता, कब्जा असून कागद नाही अशांसाठी दार पुढे किलकिले झाले. शिवाय वनतंत्रज्ञाने तयार केलेला आराखडा हवा, आणि त्याची फी मालकाने भरायची. मोबदला मिळतो हेक्टरी. कागदपत्रांची यातायात मात्र पाच हेक्टरवाल्याला आणि दोनशे हेक्टरवाल्याला जवळजवळ सारखीच. सुरुवातीच्या वर्षांत मोठे, शिकलेले, शेतीबाहेर मिळकत असलेले मालकच पुढे होते, असे अभ्यासकांनी नोंदवले, यात नवल काय?

यावर उपाय म्हणून छोट्या मालकांना सामूहिक करार करू दिले. कल्पना चांगली. पण एकाने नियम मोडला की साऱ्या गटाचे पैसे थांबत! एकाच्या अपराधासाठी सबंध वस्तीचे पाणी तोडणाऱ्या गावांत वाढलेल्या वाचकाला याचा अर्थ समजावून द्यायला नको. पुढे तेथील वननिधीने रीत बदलली: अर्ज एकत्र तपासायचे, करार मात्र ज्याचा त्याच्याशी. हा बदल मला सगळ्या कोस्टा रिकी प्रयोगातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो, कारण त्यात खर्च वाटला गेला, शिक्षा नाही.

आपल्याकडे कोकणात रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. तेथे अशी योजना आणायची म्हटली की पहिली मागणी सातबाऱ्याची होणार. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो मालक, आणि त्या रानातून मोळी आणणारी बाई, हे एकच घर नव्हे. कुऱ्हाडबंदी झाली की मालकाच्या खात्यात रक्कम जमा होईल. बाईची चूल मात्र विझेल. सरकारी वनातही कागद आडवा येतोच. २००६च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना, म्हणजे रानाकाठच्या दलितांनाही, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांची नावे कुळकर्ण्याच्या दप्तरात क्वचितच चढली, त्यांनी हा पुरावा आणायचा कोठून?

म्हणून करारावर सही होण्याआधी त्या रानातून सरपण, पाला, चारा कोण नेते याची यादी वस्ती-वस्तीत जाऊन व्हावी, आणि बंदीने ज्यांचे जाते त्यांचा वाटा मालकाच्या वाट्याआधी बाजूला काढावा. ही यादी ग्रामसभेत वाचावी हे खरे; पण ती करावी मात्र वस्तीतच, कारण ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण दाराशी उभे राहते हे आपण पाहतोच आहोत.