मुका अतिथी आणि माणसाची करुणा

मुक्या प्राण्यावर कोणी दया केल्याची कथा वाचली की आपले मन सहज द्रवते. इतके सहज, की त्या कथेने नेमके काय दाखवले हे विचारण्याचे भान उरत नाही. माणूस मुळात दयाळू आहे, एवढे समाधान घेऊन आपण पुस्तक मिटतो. हे समाधान फार स्वस्त तर नाही ना, अशी शंका आम्हांस पुष्कळदा येते. आमच्या मते ह्या विषयावरचे चांगले लेखन माणसाची करुणा दाखवून थांबत नाही. ती कोठवर जाते आणि कोठे अडते, हेही ते दाखवते.

आपल्या परंपरेतील दोन कथा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात चढण्यास युधिष्ठिराने नकार दिला. रामेश्वरासाठी वाहून आणलेले गंगोदक एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. दोन्ही कथांत देणाऱ्याला खरोखरीच काही गमवावे लागते, हे त्यांचे सामर्थ्य होय. परंतु कुत्रा अखेर साक्षात् धर्म ठरतो, आणि गाढवाला पाजलेले पाणी रामेश्वराला पावते. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आधुनिक गद्याने हा दिलासा काढून घेतला. तेथे कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो, आणि म्हणून परीक्षा अधिक कठीण होते.

चेकॉव्हच्या १८८४ सालच्या ‘सरडा’ ह्या कथेत ही परीक्षा उलट्या बाजूने घेतलेली आहे. बाजारात एक कुत्र्याचे पिल्लू सोनाराच्या बोटाला चावते. पोलीस अधिकारी ओचुमेलॉव्ह न्याय करावयास उभा राहतो. पिल्लू बेवारशी वाटते तोवर ते ठार करण्याच्याच लायकीचे असते. ते जनरलसाहेबांचे असावे असे कोणी म्हणताच सारा दोष सोनाराचा ठरतो. गर्दीतून बातमी येईल तसा साहेबांचा रंग पालटतो. अर्जाखालची सही आधी पाहून मग अर्ज वाचण्याची रीत ज्यांनी कचेरीत पाहिली आहे, त्या आमच्यासारख्या कारकुनांना ह्या कथेवर मोकळेपणाने हसवत नाही. धनी असलेल्या प्राण्यावरची माया ही पुष्कळदा धन्याला केलेला मुजरा असते. खरी कसोटी बेवारशी प्राण्यापाशीच लागते. कारण त्याच्यामागे आभार मानणारा किंवा जाब विचारणारा कोणी नसतो.

असा एक बेवारशी कुत्रा शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवघरची स्मृती’ ह्या छोट्या बंगाली आठवणीत भेटतो. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरद्बाबू मराठी वाचकाला घरचे वाटतात. त्यांनी कादंबऱ्यांच्या जोडीला हे लहानसे लेखनही अवश्य वाचावे. हवापालटासाठी देवघरला, म्हणजे आजच्या झारखंडात, राहिलेल्या लेखकाच्या मागे संध्याकाळी फिरताना रस्त्यावरचा एक कुत्रा लागतो. लेखक त्याला अतिथी म्हणतो, घरी बोलावतो, त्याला जेवू घालण्यास नोकरांना सांगतो. पुढे कळते की उरलेल्या अन्नावर बागेतल्या माळिणीचा वहिवाटीचा हक्क आहे, आणि तिने अतिथीला हाकलून दिले आहे. अखेर लेखक परत निघतो. नोकरचाकरांना बक्षिशी मिळते; स्टेशनापर्यंत आलेल्या अतिथीला मात्र काहीच नाही.

शरद्बाबूंनी येथे स्वतःला दयाळू म्हणून रंगवलेले नाही, ही ह्या लेखनाची थोरवी होय. त्यांचे प्रेम खरे आहे. पण ते फाटकापाशी थांबते. फाटकाच्या आत कोणाला राहू द्यावयाचे ते दुसरीच माणसे ठरवतात, आणि लेखक तर चार दिवसांचा पाहुणा. तथापि एक उणीव नोंदवली पाहिजे. उपेक्षित स्त्रियांची बाजू ज्यांनी हयातभर मांडली, त्यांनी ह्या माळिणीकडे मात्र थट्टेच्या सुरातच पाहिले. तिच्या हक्काच्या अन्नात वाटेकरी आणला तो लेखकाच्या दयेने. कुत्र्याचा उपवास आपल्याला दिसतो. माळिणीच्या घरी काय शिजते ते दिसत नाही.

महादेवी वर्मा यांच्या ‘मेरा परिवार’ (१९७२) ह्या हिंदी संग्रहातील ‘गिल्लू’ ह्या शब्दचित्रात दयेचे मोल दुसऱ्या कोणावर पडत नाही. घरट्यातून पडलेले, कावळ्यांनी टोचलेले खारीचे पिल्लू. ते जगणार नाही, तसेच राहू द्यावे, असा इतरांचा सल्ला. लेखिका रक्त पुसते, जखमांवर पेनिसिलीनचे मलम लावते, कापसाच्या वातीने दूध पाजू पाहते. येथे भावनेचे शब्द थोडे आणि हातांची कामे पुष्कळ. म्हणूनच सुमारे दोन वर्षांच्या त्या चिमुकल्या आयुष्याचा शेवट वाचताना डोळ्यांत येणारे पाणी ओढूनताणून आणलेले वाटत नाही.

आम्हां दिल्लीकरांना हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला: नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व हिंस्र कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात. त्या दिवसांत शहरात दोन तट पडले. एकाला दुसरा निर्दय वाटे, दुसऱ्याला पहिला ढोंगी. ज्या आईच्या मुलाला कुत्रे चावले तिला निर्दय म्हणणे म्हणजे माळिणीवर पुन्हा रागावणे होय. आणि रात्रीची उरलेली पोळी कुंपणाबाहेर टाकावी, त्या कुत्र्याला लस टोचून आणण्याचे काम मात्र शेजाऱ्यावर सोडावे, ही फाटकापाशी थांबणारी दया होय.

रस्त्यावरच्या प्राण्याला हात देताना माणसातील चांगुलपणा प्रकट होतो, ह्यात संशय नाही. मात्र त्याचे मोल कोणी चुकवले, हे विचारल्याशिवाय समीक्षकाने अशा कथेवर पसंतीची मोहोर उठवू नये. अतिथीइतकीच माळिणीलाही जागा देणारी कथा एखाद्या मराठी लेखकाने लिहावी, आणि ती आम्हांस लौकर वाचावयास मिळावी, एवढीच इच्छा.