डॉन बायरन : कप्पे नाकारणारा क्लॅरिनेट

१९५८ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय क्लॅरिनेटवादकाची पहिली तबकडी १९९२ साली आली. नाव 'टस्कीगी एक्सपेरिमेंट्स'. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर पाळत ठेवली. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. उपचार चालू आहेत असे भासवले, पेनिसिलिन मात्र दिले नाही. रोग माणसाला कसा खातो, हे शास्त्राला पाहायचे होते! तबकडीला हे नाव देणे ही माझ्या मते उघड भूमिका आहे. सादिक या कवीचे शब्द तिथे वाद्यांसोबत बोलतात. पण त्याच तबकडीत शुमान या जर्मन संगीतकाराचे गीतही आहे. कप्पे पाडणारी समीक्षा इथेच अडखळते.

पुढच्याच वर्षी त्याने मिकी कॅट्झ या ज्यू विडंबनकाराचे संगीत वाजवले. काळ्याने ज्यूंचे क्लेझमर का वाजवावे? हा प्रश्नच मला लबाड वाटतो. जॅझ वाजवणाऱ्या गोऱ्याकडे सहसा कुणी जातीचा दाखला मागत नाही. शिवाय बोस्टनच्या क्लेझमर कॉन्झर्व्हेटरी बँडमध्ये बायरनने ही विद्या राबून कमावली होती.

'बग म्यूझिक' (१९९६) मला मात्र निव्वळ कारागिरीची वाटते. २०१२ साली तो थॉमस डॉर्सीच्या गॉस्पेलकडे वळला. त्याआधी, २००९ साली, पुलित्झरच्या अंतिम यादीत त्याचे नाव आले ते एकट्या पियानोसाठी रचलेल्या सात एत्यूदांसाठी. त्यांत क्लॅरिनेट नाहीच.