विसर्जन की परित्याग?

कलाकृतीचे मूल्यमापन करताना ती कशी घडली हे आपण पाहतो. ती किती काळ आणि कोणाच्या मर्जीने पाहता येईल, हा प्रश्न टीकाकारापुढे सहसा उभा राहत नाही. चित्र भिंतीवर असते, ग्रंथ फडताळात असतो आणि पाहणारे डोळे आपलेच असतात. परंतु आभासी वास्तव, अर्थात व्ही. आर., या नव्या माध्यमाने हा प्रश्न टीकेच्या उंबरठ्यावर आणून ठेवला आहे. येथे केवळ डोळे पुरत नाहीत. डोक्यावर हेडसेट चढवावा लागतो, आणि तो चालावा की चालू नये हे बव्हंशी त्याचा निर्माताच ठरवितो.

'डियर अँजेलिका' या कृतीचेच उदाहरण घेऊ. ऑक्युलस स्टोरी स्टुडिओने सिद्ध केलेली ही लघुकथा जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविण्यात आली. दिग्दर्शन साश्का उन्सेल्ड यांचे, रेखाटन वेस्ली ऑल्सब्रुक यांचे. विषय तसा जुनाच. आई अभिनेत्री होती, ती आता नाही. तिच्या चित्रपटांच्या आधारे मुलगी तिची आठवण काढते आहे. अपूर्व आहे ती अभिव्यक्ती. चित्रकर्तीने कागदावर नव्हे, तर स्वतः हेडसेट घालून सभोवारच्या पोकळीत कुंचला चालविला. तिची रेघ आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा उमटते आणि आपल्या भोवती पसरत जाते. प्रेक्षक चित्रासमोर नसतो. तो चित्राच्या आत असतो. स्मृतीचा स्वभावही असाच नव्हे काय? आठवण समोर उभी राहून दर्शन देत नाही, ती आपणांस वेढून टाकते. आशय आणि माध्यम यांची ही एकरूपता हेच या कृतीचे खरे यश होय. कथानक पातळ आहे, आणि जे रेषेने सांगितले तेच निवेदनातून पुन्हा सांगण्याचा मोह ठिकठिकाणी आवरलेला नाही, हा दोषही नमूद केला पाहिजे. तथापि हीच कृती सपाट पडद्यावर पाहिली तर रेषा उरतात, वेढणे उरत नाही. म्हणजे प्राण उरत नाही.

आता या कृतीच्या आश्रयस्थानांकडे पाहावे. तिला जन्म देणारा स्टुडिओ त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंद करण्यात आला. ज्या रिफ्ट नामक हेडसेटसाठी ती रचली, तो २०१६ साली बाजारात आला होता. त्याच्या जागी आलेल्या रिफ्ट एसची विक्रीही २०२१ मध्ये थांबली. मृत मातेची स्मृती जपण्यासाठी निर्माण झालेल्या कलाकृतीला स्वतःच्याच स्मृतीची चिंता वाहावी लागावी, यातील विरोध कोणाही सहृदयास जाणवेल.

विंडोज मिक्स्ड रिअॅलिटीची कहाणी याहून कठोर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ही प्रणाली आणली आणि एसर, डेल, एचपी, लेनोव्हो, सॅमसंग आदी कंपन्यांनी तिच्या भरवशावर हेडसेट बनविले. एचपीचा २०२० सालचा रिव्हर्ब जी-टू तर प्रत्येक डोळ्यापुढे २१६० गुणिले २१६० बिंदूंचे चित्र उभे करी. स्पष्टतेत तो कोणाहून उणा नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली मोडीत निघाल्याचे घोषित केले, आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. भिंगे निर्मळ, पडदे तेजस्वी, तारा शाबूत. पण नव्या आवृत्तीचा संगणक त्यांना ओळखच देईना. वस्तू झिजली नव्हती, तिची दखल घेणारे कोणी उरले नव्हते. २०२५ मध्ये एका प्रोग्रामरने स्वकष्टाने नवा ड्रायव्हर लिहून यांतील अनेक हेडसेट पुन्हा चालते केले, तेही एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकांपुरतेच.

यावर कोणी म्हणेल की, नश्वरतेचे एवढे दुःख कशाला? अंगणातील रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसतेच. चवथीला घरी आणलेली मातीची मूर्ती आपण आपल्याच हातांनी पाण्यात सोडतो. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु विसर्जनाला तिथी असते, विधी असतो, उत्तरपूजा असते. आणि मुख्य म्हणजे ते पूजकाच्या हातून होते. ज्याने मूर्ती घडविली तो मूर्तिकार मध्यरात्री येऊन ती उचलून नेत नाही. येथे जे घडते ते विसर्जन नव्हे, परित्याग होय. उलट देवालयाचे लाकूड कुजले की जीर्णोद्धार होतो, आणि त्यासाठी मूळ सुताराचीच वाट पाहावी लागत नाही. कौशल्य जाणणारा दुसराही ते काम करू शकतो. व्ही. आर. माध्यमात अभाव आहे तो या जीर्णोद्धाराच्या अधिकाराचा.

निर्मात्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. जुन्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर सांभाळणे खर्चाचे असते, आणि ते अनंत काळ सांभाळावे असे कोणी म्हणत नाही. मागणी आहे ती जाताना किल्ली देऊन जाण्याची. ती अशक्य नाही. ऑक्युलस गो हा हेडसेट २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये त्याची विक्री थांबली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचे कुलूप काढणारे सॉफ्टवेअर कंपनीने खुले केले. जॉन कार्मॅक यांनी त्यासाठी कित्येक वर्षे आग्रह धरला होता. 'डियर अँजेलिका' ज्या 'क्विल' नामक कुंचल्याने रेखाटली, तो फेसबुकने २०२१ मध्ये मूळ कर्त्याच्या स्वाधीन केला. गूगलने त्याच वर्षी 'टिल्ट ब्रश'चे काम थांबविताना त्याची मूळ संहिता सर्वांना दिली, आणि त्यातून 'ओपन ब्रश' उभा राहिला.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे समजू नये. उद्या एखाद्या देवस्थानाने आपला पालखीचा सोहळा वा जुन्या मंडपाचे कोरीवकाम या माध्यमात जतन करावयाचे ठरविले, तर चित्रण किती सुरेख झाले याआधी ते कोणाच्या यंत्राखेरीजही पाहता येईल काय, असे विचारणे इष्ट ठरेल. २०१९ पासून ओपनएक्सआर हे सर्वांना खुले असे मानक उपलब्ध आहे. त्याला धरून काम व्हावे, आणि मूळ चित्रण संस्थेच्या स्वतःच्या संग्रही राहावे.

कलेला चिरंजीव करणे कोणाच्याच हाती नाही. परंतु तिचा अंत केव्हा झाला असे मानावे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या रसिकांकडे असावा. ज्याने चष्मा विकला त्याच्याकडे नव्हे.